तपकिरी पुस्तकातला साहेब

विडीच्या तेंदूपानांचं पुडकं बांधायला मला आजही येत नाही. पानं सारखी करायची, देठ एका बाजूला घ्यायचे, ओल्या सालीच्या दोरीचा फास टाकून ओढायचं. आमच्याकडची शाळेचं तोंड न पाहिलेली पोरगीसुद्धा भावाशी भांडता भांडता हे करते. मी बांधलेलं पुडकं मात्र वाटेतच मान टाकायचं, आणि फडीवर, ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, पानं घेणारा मुन्शी ते दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर उचलावा तसं उचलून, सगळ्यांना दाखवायचा. "हे कोन्या बॅरिस्टरानं बांधलं बापा?" मनीराम आजानं काही दिवस हा अपमान सोसला. मग एका सकाळी त्यानं माझ्या पुढ्यातली पानं मुकाट्यानं आपल्याकडे ओढून घेतली आणि म्हणाला, "बाबू, तुझे हात काही कामाचे नाईत. तोंड चालते ना? मंग वाच. आमी बांधतो, तू वाच." अशा रीतीनं, हातांनी नापास झाल्यामुळे, मी आजाच्या पडवीतला वाचक झालो. पुढे माझ्या नावावर थोडीफार पुस्तकं लागली, दोनचार शाली अंगावर पडल्या. पण वाचक म्हणून माझी नेमणूक कशी झाली हे कुणी विचारलं, तर मी तो उंदीर आठवतो.

मनीराम आजा गोंड. आम्ही कोहळी. गावाच्या वरच्या अंगाला जो भला मोठा तलाव आहे तो आमच्या पूर्वजांनी बांधला, असं बाबूजी, म्हणजे माझे वडील, दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. पण त्या तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, आजानं तलावाच्या बांधावर, पाळीवर, पूजा केल्याशिवाय उघडत नसे. तलाव आमचा असला तरी जमीन आधी त्याच्या देवाची, हे बाबूजीही मानत. आजाचं घर पाळीच्या पलीकडे, मोहाच्या झाडांखाली. पडवीत बसलं की हवा स्वच्छ असेल तेव्हा लांबवर प्रतापगडाचा डोंगर दिसायचा, आणि जवळ, अगदी पायाशी, कोंबड्या पानांच्या ढिगात चोच खुपसायच्या. मला त्या घराचा आवाज फार आवडे. कोवळ्या तेंदूपानांची सळसळ, दोरी ओढल्याचा कर्र असा आवाज, आतून आजाच्या नातसुनेच्या मुसळाचा ठोका, तलावावरून टिटवीची टिवटिव. दुपारी पळसाच्या द्रोणात पेज मिळे, सोबत सुक्या झिंग्यांची चटणी, आणि कधी भाजलेला मोह. आमच्या घरी लाखोळीची डाळ आणि भात याच्यावर दुपार उरकायची, आणि डाळीसोबत बाबूजींचं बोलणंही गिळावं लागे. मी दहावीत गणितात आपटलो होतो. त्यामुळे मी जिथे बसेन तिथून बाबूजींना गणित आठवे.

पहिल्या उन्हाळ्यात मी वाचलं ते हिरवं पुस्तक. लेखकाचं नाव लिहीत नाही; त्यांची नातवंडं आहेत, चांगली माणसं आहेत. पडवीत त्याला हिरवं पुस्तकच म्हणत, कारण त्याचं कव्हर हिरवं होतं. त्यातला श्रीधर साहेब हा जंगलखात्यातला रेंजर. लाकडाच्या डेपोला आग लागते, गोंड पोरांवर आळ येतो, आणि हा एकटा माणूस वरच्या साहेबांपुढे, ठेकेदारापुढे, पोलिसांपुढे उभा राहून सांगतो की ही पोरं निर्दोष आहेत. शेवटी बदलीचा हुकूम येतो. गाव सोडायच्या आधी तो बूट काढून एका गोंडाच्या अंगणात जमिनीवर मांडी घालतो आणि सगळे पितात त्याच द्रोणातून पेज पितो. ते पान मी वाचलं तेव्हा पडवीतले हात थांबले होते. सोमा, म्हणजे आजाचा मोठा नातू, उगाच खोकला. आजानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि म्हणाला, "आन फिरून वाच." मी फिरून वाचलं. त्या दिवशीची पुडकी कमी भरली म्हणून मुन्शीनं शिव्या घातल्या, त्या आजानं हसत खाल्ल्या. नंतर वर्षभर पडवीत कुणी कुणाचा न्याय केला, की "श्रीधर साहेब असता त का म्हनला असता?" हा प्रश्न यायचाच. मी स्वतः तर सायकलवरून उतरताना त्याच्यासारखा उतरू लागलो होतो. पुस्तकात साहेब घोड्यावरून उतरायचा, एवढाच काय तो फरक.

पुढच्या उन्हाळ्यात मी गणिताचा पेपर पुन्हा दिला होता आणि निकालाच्या धाकानं मला अन्न गोड लागत नव्हतं. अशात गोंदियाहून मामा आला. त्याचं तिथे भांड्यांचं दुकान, आणि गोंदियाच्या बाजारात राहून त्याची जीभ अर्धी हिंदी झालेली. पिशवीतून एक तपकिरी पुस्तक काढून तो म्हणाला, "ले भांजे, तेरे साहब का दूसरा भाग आ गया. आता तरी मामाचं नाव काढशील का नाही?" मी ते पुस्तक उघडलंही नाही. सगळ्यांसोबत पहिल्यांदाच वाचायचं, स्वतः आधी चाखायचं नाही, असा माझा बाणा होता. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे अशा बाण्यांतूनच झाले आहेत.

पडवीत बातमी आधीच पोचली होती. सोमाला नुकताच मुलगा झाला होता. त्याची बायको बाळ मांडीवर घेऊन दाराशी बसली. सोमाची बहीण फुलमती वसतिगृहातून सुट्टीला आली होती. ती नववीत, माझ्यापेक्षा लहान आणि माझ्यापेक्षा हुशार. पण तिची बोटं पडवीत सगळ्यात वेगानं चालायची, म्हणून तिला वाचायला बसवणं कुणाला परवडण्यासारखं नव्हतं. आजानं हुकूम सोडला, "चाल, बाबू." मी सुरू केलं. साहेब आता म्हातारा झालेला, शहरात राहणारा. केस पांढरे, कण्हत कण्हत जिना चढणारा. आजा हळहळला. मग एका मित्राच्या घरी जेवण. कुणीतरी साहेबाची तारीफ करतं, की तुम्ही त्या जंगली लोकांसाठी केवढं केलंत. आणि साहेब हसून म्हणतो, मी त्यांच्यावर माया केली, नाही म्हणत नाही. बैलावरही करतो.

माझी नजर जिभेच्या पुढे धावत होती, ती खालच्या ओळीवर जाऊन आदळली. साहेब पुढे म्हणत होता: पण बैल आवडला म्हणून त्याला गाडीत बसवून आपण जू खांद्यावर घेत नसतो. त्यांचा वंशच वेगळा, रक्तच वेगळं. शाळा काढा, पुस्तकं द्या, ही पोरं शेवटी झाडावरच चढणार.

मी थांबलो. कानात टिटवी ओरडत होती की माझंच रक्त, कळत नव्हतं. समोर सगळ्यांच्या माना पानांवर झुकलेल्या. फुलमतीचे हात सपासप चालू. ती वसतिगृहातून पुस्तकं घेऊन आलेली, आणि हा माणूस म्हणत होता झाडावर चढणार.

"काऊन थांबला गा?" आजानं मान वर न करता विचारलं. "बैलावर बी माया केली, मंग?"

"मंग..." मी पुस्तक नाकाजवळ ओढलं. "मंग साहेबानं दोन बैल घेतले."

हे वाक्य कुठून आलं ते मला माहीत नाही. घाबरलेला माणूस पळताना पाय कुठे पडतो ते पाहत नाही, तसं ते झालं. पण एकदा बैल घेतल्यावर ते सोडून देता येईनात. आजानं बैलांतच जन्म काढलेला. "शहरात बैल कुठं बांधले?" मी म्हटलं, शहराबाहेर शेत घेतलं. "रंग कोनता?" एक पांढरा, एक काळा. "जोडी अशी दुरंगी काऊन घेतली?" म्हटलं, काळा बैल कसायाच्या वाटेवर होता, साहेबानं सोडवला. आजानं हातातलं पुडकं गच्च आवळलं. "पाहा," तो सोमाला म्हणाला, "म्हातारा झाला, पन मानूस तोच आहे."

त्या दिवशी घरी परतताना पुस्तक मी सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं होतं, आणि ते मला चावेल असं वाटत होतं. पाळीवर चिंचेखाली बसून मी उरलेलं पुस्तक वाचून काढलं. मनात एक आशा होती, की पुढे साहेबाला पश्चात्ताप होईल. झाला नाही. पुढे त्याच्या शेजारी गोंड मास्तर राहायला येतो, तेव्हा साहेब घर बदलतो. इतकंच नाही, ते इतक्या सभ्यपणे, इतक्या गोड शब्दांत बदलतो, की लेखकाला त्याचा राग आला आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. मला मात्र दुसऱ्याच एका गोष्टीची भीती वाटू लागली होती. तो साहेबाचा आवाज मी आधी ऐकला होता. दरवर्षी तुडुम उघडल्यावर मनीराम आजा आमच्या अंगणात चहाला येई. तो गेला की बाबूजी ओसरीवर सुपारी कातरत म्हणत, "मनीराम मानूस सोन्याचा आहे. पन गोंड तो गोंडच. बराबरीनं बसवला का तो बी बिघडते आन आपन बी." आणि आजासाठी आमच्या घरी एक वेगळा कप होता, कान तुटलेला, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, वळचणीत खोचलेला. आजा स्वतःच तो काढी, चहा झाल्यावर स्वतःच विसळी, आणि उंच हात करून पुन्हा तिथेच खोची. माझ्या जन्मापासून तो कप तिथे होता. चिमण्यांचं घरटं असतं तसा. पुस्तक मांडीवर घेऊन चिंचेखाली बसेपर्यंत मी तो कधी पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून माझा रोजचा धंदा ठरला. सकाळी सगळे पानं तोडायला जंगलात गेले की मी चिंचेखाली बसून दुपारचं प्रकरण रचायचो, आणि दुपारी तपकिरी पुस्तक नाकासमोर धरून ते वाचायचो. भीतीनं माझी बुद्धी तल्लख झाली असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं नव्हतं. एका दुपारी मी साहेबाच्या बायकोला ताप आणून मारलं आणि पुढच्याच आठवड्यात तिला बैलांना चारा घालायला लावलं. सोमाची बायको दचकून म्हणाली, "अवो माय! ते त मेली होती ना?" मी म्हटलं, ही दुसरी. "म्हातारपनी दुसरी केली?" आजाच्या कपाळावर आठी आली. मग त्या दुसरीला मी घाईघाईनं साहेबाची विधवा बहीण केली. पुस्तकाच्या मागे माझा सदरा घामानं चिकटून बसे. रोज वाटे, आज फुलमती मान वर करणार, आज म्हणणार की दाखव. एकदा ती म्हणालीच, "खुशालदादा, पुस्तक इथंच ठेवून जा ना. संध्याकाळी मी पाहीन." मी म्हटलं, मामाचं आहे, परत द्यायचं आहे, त्यावर डाग पडले तर मामा गोंदियाहून चालत येईल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." त्या "बरं"नं माझी झोप उडवली.

हे सगळं असंच चाललं असतं, पानांचा हंगाम संपला असता, आणि साहेब माझ्या हातून चांगल्या माणसाचं मरण मरून गेला असता. तसं त्याचं मरण मी ठरवूनही ठेवलं होतं, काळ्या बैलाच्या शेजारी. पण एका दुपारी आजा पुडक्याची दोरी दातानं तोडत सहज म्हणाला, "सोमाच्या पोराचं नाव श्रीधर ठेवाचं म्हनतो."

त्यांच्या घरात नाव असं मनात आलं म्हणून ठेवत नसत. गेलेला माणूस बाळाच्या रूपानं घरी परत येतो, ही त्यांची समजूत. कोण आला आहे ते पाण्याला विचारायचं. काशाच्या थाळीत पाणी घेऊन त्यात तांदळाचे दोन दाणे सोडायचे आणि एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं. ज्या नावाला दाणे सरकून एकमेकांना चिकटतील तो आला. आजाच्या मनात होतं की आपला बाप लालसाय यावा. पण त्याच्या आधी तो श्रीधराचं नाव घेऊन पाण्याचा होकार विचारणार होता. "पानी हाव म्हनलं त हाव. असा मानूस आमच्या घरी येत असन त आमचा बाप थांबन थोडा. घाई नाई त्याले."

मी पुस्तक मिटलं. "आजा, पन तो... तो पुस्तकातला आहे. खरा नाई."

"आमचे देव तरी कोनाले दिसले?" आजा हसला. "तू सांगितला तेवढा खरा आहे. पुरे आहे."

आजही गोंदियात कुठे व्याख्यानाला गेलो की एखादा तरुण उठून विचारतो, सर, दोन कादंबऱ्यांतला खरा श्रीधर कोणता? हिरव्यातला की तपकिरीतला? मुलं हुशार आहेत, ती दोन्ही पुस्तकांतली पानं शेजारी ठेवून वाचतात. मी काहीतरी विद्वत्तापूर्ण बोलून वेळ मारून नेतो. त्यांना मी सांगत नाही की माझ्यासाठी तो प्रश्न एका तान्ह्या पोराच्या नावाचा होता. मी गप्प बसलो तर ते पोर जन्मभर अशा माणसाचं नाव वागवणार होतं, ज्यानं त्याला जुवाखालचा बैल म्हटलं. आणि मी बोललो, तर पडवी जाणार होती. पेज, टिटवी, आजाचं "हाव", सगळं.

नामकरणाच्या सकाळी मी बोलायचं ठरवून निघालो. पाळीवरून जाताना पाठ केलेलं वाक्य पडवीत पोचेपर्यंत सांडून गेलं. अंगण सारवलेलं, नातेवाईक जमलेले, मोहाखाली भाताचं भांडं रटरटत होतं. आजानं मला पाहून थाळीजवळच जागा दिली. वाचक ना मी. त्यानं पाण्यात दोन दाणे सोडले. ते वेगवेगळ्या काठांना जाऊन लागले. "श्रीधर," आजा म्हणाला. सगळे वाकले. एक दाणा हलला. दुसरा हलला. ते दोन दाणे हळूहळू, लाजत लाजत, एकमेकांकडे सरकू लागले, आणि मी मनात तलावाच्या देवाला, प्रतापगडच्या महादेवाला आणि तिथल्याच दर्ग्यातल्या बाबाला एकदमच साकडं घातलं. मधे बोटभर पाणी राहिलं असेल. मी उठलो की घसरलो, मला खरंच आठवत नाही. पायाचा धक्का लागला आणि थाळी खणखणत अंगणभर गेली.

भातसुद्धा रटरटायचा थांबला असं वाटलं. सोमा उभा राहिला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. "काऊन सांडलास बे?"

"श्रीधर नका ठेवू," मी म्हणालो. माझा आवाज कोंबडीच्या पिलासारखा निघाला. सदऱ्यातून पुस्तक काढून मी फुलमतीपुढे धरलं. "बैलाचं पान. तू वाच."

तिचे हात त्या दिवशी रिकामे होते. सगळ्यांचेच होते. तिनं पान शोधलं आणि वाचायला सुरुवात केली, वसतिगृहात शिकवतात तसं, शब्द तोडून, स्पष्ट. माया केली. बैलावरही करतो. जू खांद्यावर घेत नसतो. वंशच वेगळा. झाडावरच चढणार, इथे ती थांबली, मग पुन्हा पहिल्यापासून तेवढीच ओळ वाचली, जणू आपली चूक झाली असावी. तिची चूक नव्हती.

"हाच तो?" आजानं विचारलं. "हिरव्या पुस्तकातला?"

"हाव, आजा. तोच. इथं लिहिलं आहे." फुलमतीनं ओळीवर बोट ठेवलं.

"मंग हा रोज कोन वाचत होता?" सोमा माझ्याकडे बघून म्हणाला.

"हा वाचत नव्हताच," फुलमती म्हणाली. "पानच पलटवत नव्हता. मी पहिल्याच दिवशी पाहिलं." मी तिच्याकडे पाहिलं. "मले वाटलं, याले वाचताच येत नाई. नापास आहे ना. लाजते बिचारा, म्हनून बोलली नाई."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आजानं ओल्या जमिनीवरचा एक दाणा उचलला. मग त्यानं विचारलं, "कारा बैल बी नाई?"

"नाई, आजा."

"कसायापासून सोडवला तो?"

"नाई. मीच बनवला."

"चांगला बैल होता," आजा म्हणाला. त्यानं मान हलवली. "हे पाहा बाबू. हिरव्यातला साहेब मले जन्मात भेटला नाई, म्हनून आयकत होतो. हा तपकिरीतला त रोज भेटते. याच्यासाठी पुस्तक कायले पाहिजे? याच्या अंगनात चहा पेतो मी." एवढं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला घाबरायची मला सवय होती. त्यानं थाळी उचलून पुन्हा पाणी घेतलं, दाणे सोडले, आणि "लालसाय" म्हणताच ते असे धावले की बाळाची आईसुद्धा हसली. मला कुणी जा म्हटलं नाही. सगळ्यांबरोबर मलाही द्रोणात भात वाढला.

तो लालसाय आता सालेकशाकडे नोकरीला आहे. दरवर्षी कचारगडच्या यात्रेहून फोन करतो आणि मुद्दाम विचारतो, "काका, थाळी आनू का?"

पण त्या वर्षीची खरी भीती पुढे होती. गणितात मी पुन्हा आपटलो. भाताची रोवणी झाली आणि पावसानं ओढ दिली. बाबूजींचं तोंड आधीच आंबलेलं, त्यात बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, भेगा पडू लागल्या. तुडुम उघडायचं ठरलं. आजा आला, त्यानं पाळीवर नारळ फोडला, कोंबडं दिलं, पाणी सुटलं. मग रिवाजाप्रमाणे तो आमच्या अंगणात आला आणि हात उंच करून वळचणीतून कान तुटलेला कप काढला. माय चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली. माझा स्टीलचा गिलास भरलेला, माझ्या हातात होता. बाबूजी ओसरीवर बसले होते, हातात अडकित्ता.

मला तिथे जमिनीवर मांडी घालणारा श्रीधर साहेब व्हायचं होतं. पण मांडी काही घातली गेली नाही. मी आजाजवळ गेलो, त्याच्या हातातला कप घेतला आणि माझा गिलास त्याच्या हातात दिला. देताना निम्मा चहा त्याच्या पायावर सांडला. मग मी मायपुढे कप धरला. तिनं बाबूजींकडे पाहिलं. अडकित्त्याचा आवाज थांबला होता. तिनं ओतलं. मी त्या कपातून एक घोट प्यायलो, जीभ भाजली, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते चहाचं की धाकाचं, देव जाणे.

आजानं भाजलेला पाय हळूच मागे घेतला. गिलासाकडे पाहिलं. मग माझ्याच कानाला ऐकू येईल असं म्हणाला, "वाचून राहिला का गा, का बनवून राहिला?"

आजा चहा प्यायला, गिलास विसळून ओसरीच्या काठावर ठेवला आणि निघून गेला. बाबूजी माझ्याशी त्या दिवशी एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणून मी संध्याकाळपर्यंत गोठ्यात बसून राहिलो. कानशिलात बसली असती तर दोघेही मोकळे झालो असतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी मांडणीवर माझा गिलास शोधू लागलो. "तिकडे आहे," माय म्हणाली. तिचा आवाज बरा नव्हता. मी बाहेर येऊन वर पाहिलं. वळचणीत, कवेलूंखाली, कान तुटलेला कप खोचलेला होता आणि त्याच्या शेजारी माझा गिलास. बाबूजींचा हुकूम होता: मनीरामच्या हाती बाटलेली दोन्ही भांडी बाहेर. मी तिथूनच चहा प्यायचो, अंगणात उभा राहून, आणि पुन्हा हात उंच करून खोचायचो.

पाऊस पुन्हा आला, गेला, आणि धान लोंबीवर आल्यावर आजा तुडुम बंद करण्याच्या पूजेला आला. पूजा झाली, तो अंगणात आला. बाबूजी ओसरीवर होतेच. आजानं सवयीनं वर हात घातला आणि त्याची बोटं थबकली. त्यानं दोन्ही भांडी खाली काढली, दोन हातांत धरली, आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं,

"यातला माझा कोनता गा?"